पडद्यावरचं आकाश आणि सुप्याचा माळ

लढाऊ विमानांचे संगणकावरचे खेळ आता खेड्यापाड्यांतल्या मुलांनाही चांगले परिचयाचे आहेत. ‘काय हुबेहूब दिसतंय!’ हे त्यांचं पहिलं कौतुक. मला मात्र वाटतं, नुसत्या दिसण्यावरून खऱ्याची पारख होत नाही. पडद्यावरची वस्तू वागते कशी, तेही पाहायला हवं.

आधी हवेचंच घ्या. उन्हाळ्यात आमच्या सुप्याच्या माळावर पारा चाळिशीला टेकतो. दाब तेवढाच धरला, तर १५ अंशांच्या हवेपेक्षा ४० अंशांची हवा सुमारे ८ टक्के विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि विमानाला धावपट्टीवर जास्त धावावं लागतं. जवळच बारामतीच्या विमानतळावर कितीतरी शिकाऊ वैमानिकांनी उड्डाणाचे धडे घेतले. त्यांना हे गणित टाळून चालत नाही. चांगल्या सिम्युलेटरमध्ये ते सतत मांडलं जातं. साध्या खेळात मात्र विमान पहाटे आणि भरदुपारी सारखंच उडतं. तापलेल्या माळावरून वर चढणाऱ्या ज्या हवेवर घारी पंख न हलवता तरंगतात, तिनंच लहान विमान हादरतं, हे तिथं कळत नाही.

दुसरी गोष्ट झाडांची. जुन्या पुष्कळ खेळांत झाडं म्हणजे नुसती चित्रं असत. हजारो झाडं रंगवणं एक वेळ सोपं. पण विमान त्यांतल्या एखाद्याला धडकलं का, हे क्षणोक्षणी तपासणं त्या काळच्या संगणकांना जड जाई. मग विमान झाडातून खुशाल आरपार निघे. असा खेळ खेळणारा झाडांच्या शेंड्यांवरून उडताना भ्यायला शिकणार कसा?

तिसरी गोष्ट जमिनीची. २०२० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून अवघी पृथ्वी उभी केली आहे. तो लढाईचा खेळ नव्हे. पण वरून माळ कसा दिसतो, ते त्यात कळतं : एक करडा, रिकामा पट्टा! सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. ते चौकोनी धरलं, तर ताशी ९०० किलोमीटर वेगाचं लढाऊ विमान दहा सेकंदांच्या आत ते ओलांडील. त्या दहा सेकंदांत खाली चिंकारा आहेत, गवतात घरटी करणारे पक्षी आहेत, शेजारी मेंढरं चारणारा धनगर आहे. वरून यांतलं काहीच दिसत नाही.

लढाईच्या खेळात हाच रिकामेपणा अधिक खुपतो. विमानाचा एकेक खिळा खरा असतो. पण बॉम्ब पडल्यावर घर कोसळतं, धूर निघतो, गुण वाढतात आणि त्या घरातून कुणी बाहेर धावत येत नाही. आकाश खरं करण्यासाठी घेतलेले कष्ट बहुधा जमिनीपर्यंत पोचतच नाहीत.

हे खेळ खेळू नका, असं मी म्हणणार नाही. वारा, उंची, वेग यांची गोडी मुलांना त्यांतून लागू शकते. फक्त कधी तरी त्यांच्या शेजारी बसा. विमान कसं उडतं, ते त्यांच्याकडून समजून घ्या. आणि मग सहज विचारा, ‘बाळा, ते घर पडलं ना, त्यात कोण राहत होतं रे?’