‘बघच’ म्हणण्याआधी



‘सध्या काय बघताय?’ हा प्रश्न आता हवापाण्याच्या चौकशीइतकाच सवयीचा झाला आहे. लोकलच्या डब्यात, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत, परदेशातल्या मुलांशी रविवारी होणाऱ्या व्हिडिओ कॉलवर, कुठेही तो विचारला जातो. उत्तरात एखाद्या मालिकेचं नाव येतं आणि पाठोपाठ फर्मान सुटतं, ‘भारी आहे, बघच!’ ऐकणारा ते नाव मोबाइलमध्ये टिपून ठेवतो आणि गप्पा दुसरीकडे वळतात. भारी म्हणजे नेमकं काय, कोणाला भारी, आणि सांगणाऱ्याने त्यातलं पाहिलं तरी किती, हे विचारायचं राहून जातं. मला आज मांडायचं आहे ते असं, की चालू मालिकेबद्दलचं मत हे अपुऱ्या पुराव्यावरच दिलेलं असतं. म्हणून ते निकालासारखं सुनावू नये, कारणांसकट सांगावं. कारण नसलेल्या शिफारशीने लोकप्रियतेच्या आकड्यात आणखी एकाची भर पडते, ऐकणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही.

नाटक, पुस्तक किंवा चित्रपट यांविषयी आपण बोलतो तेव्हा ती गोष्ट पूर्ण झालेली असते. मालिकेचं तसं नाही. रोजची मालिका तर दाखवली जात असतानाच लिहिली जात असते आणि प्रतिसाद पाहून तिचा रोख बदलत असतो. ही काही आजची रीत नव्हे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मेक्सिकोतल्या प्रबोधनपर मालिकांवरून तिची कल्पना सुचली होती आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार हा तिचा एक प्रमुख हेतू होता. सुरुवातीच्या तेराएक भागांतला उपदेश लोकांना रुचला नाही. मग मनोहर श्याम जोशींच्या लेखणीने मोहरा वळवला, प्रचार मागे सरला, घरातली माणसं आणि त्यांची सुखदुःखं पुढे आली, आणि पत्रांचा पाऊस पडू लागला. दहाव्या भागाला नाकं मुरडणारा प्रेक्षक आणि पन्नासाव्या भागाची वाट बघणारा प्रेक्षक हे दोघंही खरंच बोलत होते. फक्त ते एकाच नावाच्या दोन वेगळ्या मालिकांबद्दल बोलत होते. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली, तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. त्याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपलीही. या दोन्हींबद्दलचं ‘छान आहे’ एकाच मापाने कसं मोजायचं? मालिकेत पाणी घातलं जातं, कथानक मध्येच पाच-सात वर्षांची उडी घेतं, कलाकार बदलतात. तेव्हा शिफारस करणाऱ्याने आपण कितव्या भागापर्यंत पोहोचलो आहोत, हे आधी सांगायला हवं. ते न सांगता दिलेलं मत तारीख नसलेल्या पावतीसारखं असतं.

यावर कोणी म्हणेल, की व्यक्तीच्या मतावर विसंबायचंच कशाला, आकडे आहेत की! आकडे आहेत, पण ते कशाचे आहेत ते पाहू. आपल्याकडे टीव्हीचा प्रेक्षक मोजण्याचं काम ‘बार्क’ ही संस्था करते. देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक निवडक घरांत तिची यंत्रं बसवलेली असतात आणि घरातल्या प्रत्येकाने टीव्हीसमोर बसताना रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं असतं. त्यातून कोणती वाहिनी किती वेळ लागलेली होती आणि कोण समोर होतं, हे कळतं. समोर बसलेली बाई मालिकेत रंगली होती, की मटार सोलता सोलता अधूनमधून मान वर करत होती, की सासूबाईंनी लावलंय म्हणून निमूट बसली होती, हे त्या यंत्राला कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. जाहिरातीचा दर ठरवायला तेवढी माहिती पुरते. ओटीटीवरही तीच गत. नेटफ्लिक्सने २०२० च्या सुरुवातीपासून काही काळ, एखादी मालिका दोन मिनिटं जरी लावली तरी ती ‘पाहायला निवडली’ असं धरलं होतं. २०२१ मध्ये ही पद्धत बदलून पाहिलेले एकूण तास मोजायला, आणि २०२३ मध्ये त्या तासांना मालिकेच्या लांबीने भागायला सुरुवात झाली. मापच बदललं की कालचा विक्रम आणि आजचा विक्रम शेजारी ठेवता येत नाहीत. आकडा फार तर ‘किती जणांनी’ याचं उत्तर देतो. ‘का’ याचं उत्तर त्याच्यापाशी नसतं, आणि आपल्याला निवड करायला तेच हवं असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपली आवड ओळखून मालिका सुचवणारी संगणकीय यंत्रणा हाताशी असताना माणसाच्या कारणांची गरज काय? ही यंत्रणा बलवान आहे, यात शंका नाही. नेटफ्लिक्सच्याच तंत्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात म्हटलं होतं, की त्यांच्याकडे पाहिल्या जाणाऱ्या तासांपैकी सुमारे ८० टक्के निवडीमागे ही सुचवणूक असते, आणि प्रेक्षकाला साठ ते नव्वद सेकंदांत मनाजोगतं काही सापडलं नाही तर त्याचा उत्साह मावळण्याचा धोका असतो. म्हणजे सगळी धडपड त्या दीड मिनिटासाठी आहे. या धडपडीचा एक नमुना कंपनीने २०१७ मध्ये स्वतःच समजावून सांगितला. ‘गुड विल हंटिंग’ हा एकच चित्रपट, पण प्रेमकथा पाहणाऱ्याला त्याच्या चित्रचौकटीत नायक-नायिका दाखवता येतात आणि विनोदी चित्रपट पाहणाऱ्याला विनोदी नट म्हणून ओळखीचा असलेला रॉबिन विल्यम्स. तुम्ही आणि तुमची शेजारीण एकाच दुकानात गेलात, वस्तूही एकच, पण वेष्टन वेगळं. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. पण या सुचवणुकीत तुम्हाला तपासता येईल असं कारण नसतं. फार तर ‘तुम्ही अमुक पाहिलंत म्हणून’ एवढंच ती सांगते. तुम्ही ते अमुक कंटाळून पाहिलंत की डोळे पुसत पाहिलंत, याचा तिला केवळ अंदाज बांधता येतो. शिवाय मालिका पसंत पडली नाही तर दुसऱ्या दिवशी तिला जाब विचारता येत नाही. माणसाला येतो, आणि या जाब देण्यातच माणसाच्या शिफारशीची किंमत आहे.

माणसाच्या शब्दाला वजन असतं, हे समाजशास्त्रज्ञांनी फार पूर्वी दाखवलं आहे. अमेरिकेतल्या डेकाटूर या शहरात १९४५ मध्ये घेतलेल्या सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखतींवरून एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये ग्रंथ लिहिला. खरेदी असो वा सिनेमाची निवड, ओळखीच्या माणसाचं बोलणं जाहिरातीपेक्षा अधिक परिणाम करतं, असं त्यात आढळलं. पण या वजनाची दुसरी बाजूही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी १४ हजारांहून अधिक जणांना ४८ अनोळखी गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी कोणती गाणी किती वेळा उतरवून घेतली ते दिसत होतं, काहींना दिसत नव्हतं. ज्यांना दिसत होतं, त्यांचे वेगवेगळे गट केले होते. झालं असं, की इतरांची पसंती दिसली की लोकप्रिय गाणी आणखीच लोकप्रिय झाली, आणि प्रत्येक गटात डोक्यावर घेतलेली गाणी वेगळी निघाली. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आपण पाहतो त्या बहुतेक मालिका या मधल्या वर्गातल्याच असतात. तिथे एकमेकांची री ओढली की कोणतीही मालिका ‘सगळे बघतायत’ या पदाला पोहोचू शकते. ही साखळी तोडतं ते कारणच. कारण सांगितलं की ऐकणाऱ्याला ते पटवून घेता येतं किंवा नाकारता येतं. नुसत्या ‘भारी’ला फक्त होकार देता येतो.

मग कारण द्यायचं कसं? ‘पंचायत’ ही हिंदी वेब मालिका घ्या. ‘साधी, गावाकडची, मजेशीर’ या शब्दांतून काही कळत नाही. त्याऐवजी एवढं सांगावं, की पहिल्याच भागात नवा सचिव फुलेरा गावात रुजू व्हायला येतो आणि पंचायतीच्या कार्यालयाच्या कुलपाची किल्लीच सापडत नाही. मग बराच वेळ त्या किल्लीचा शोध आणि कुलूप तोडायचं की नाही, यातच जातो. या किल्लीपायी ज्याची चुळबूळ होईल, त्याने पुढे जाऊ नये. ज्याला त्यात आपला सरकारी कारभार दिसेल, त्याने पहिला सीझन जरूर पाहावा. त्यात निवडून आलेल्या मंजूदेवी आणि कारभार हाकणारे त्यांचे यजमान आहेत. पंचायतींत महिलांना निम्म्या जागा राखीव असलेल्या महाराष्ट्रात ही जोडी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. किंवा ‘मानवत मर्डर्स’ घ्या. परभणी जिल्ह्यातल्या सत्तरच्या दशकातल्या खऱ्या हत्याकांडावर ती आधारलेली आहे आणि तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचा तिला आधार आहे. ती सुचवताना तपासाच्या पद्धतीत रस असलेल्याला एक सांगावं, आणि घरात लहान मुलं जागी असताना टीव्ही लावणाऱ्याला दुसरं. मालिका एकच, पण माणूस बदलला की शिफारसही बदलायला हवी.

‘अहो, दोन घटका करमणूक, तिच्यासाठी एवढा काथ्याकूट?’ असंही कोणी म्हणेल. पण हिशेब करून पाहा. आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळून बावीस मिनिटं धरली, तर वर्षाकाठी सुमारे तीनशे भागांचे एकशे दहा तास होतात. कोणाच्या आयुष्यातले एवढे तास आपण एका ‘बघच’वर मागत असू, तर दोन वाक्यांचं कारण देणं ही काही मोठी तसदी नव्हे. ‘आवड ज्याची त्याची’ हे खरंच, पण म्हणूनच कारण द्यायचं. ‘संवाद फार पल्लेदार आहेत’ ही माझी तक्रार दुसऱ्याच्या दृष्टीने शिफारस ठरू शकते, आणि ती तशी ठरावी इतकी ती नेमकी असावी. राहिली रहस्य फुटण्याची भीती. कथेचा वेग, भाषा, हिंसेचं प्रमाण, अभिनयाची जात, भागाची लांबी, यांतलं काहीही सांगताना खुनी कोण ते सांगावं लागत नाही. एखाद्या मालिकेबद्दल शेवटाच्या धक्क्याखेरीज काही बोलण्याजोगं सापडत नसेल, तर ते तिच्याबद्दलचं पुरेसं मत झालं.

शेवटचा मुद्दा शिफारस मागे घेण्याचा. मालिका चालू असते तसं मतही चालू असायला हवं. जानेवारीत वाखाणलेली मालिका जूनमध्ये घसरली, तर ज्यांना ती सुचवली त्यांना ‘आता सोडलीत तरी चालेल, साठाव्या भागानंतर नुसतं ताणलंय’ असं सांगण्यात कमीपणा नाही. उलट तुमचा पुढचा शब्द त्यामुळे अधिक वजनाने ऐकला जाईल. दूरदर्शनच्या काळात प्रेक्षक पत्रं लिहीत आणि त्यातून मालिका कुठे आवडते, कुठे खटकते, ते लेखकापर्यंत पोहोचे. आज बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत फक्त आकडा पोहोचतो आणि आकडा वाढला की भाग वाढतात. प्रेक्षकांनी आपसात तरी कारणांची भाषा जिवंत ठेवली, तर कोणत्या मालिकेला वेळ द्यायचा आणि कोणती कुठे थांबवायची, हे ठरवण्याचं काम आकड्यांच्या हाती जाणार नाही, प्रेक्षकांकडेच राहील.