जुन्या गाडीचा दोष कसा शोधावा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून या व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्व विषय झाले. मोटारीच्या इंजिनावर बोलण्यासाठी कामगार-संघटकाला बोलावणे मात्र आमच्या सातिवलीलाच सुचावे! आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे आम्ही गाळ्यांत, वाचनालयात आणि मिस्त्र्यांच्या शेजारी उकिडवे बसून शिकलो. तेव्हा बोलण्यात काही ओबडधोबड आले तर सांभाळून घ्यावे.

आमच्या एका निवृत्त फिटर स्नेह्यांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत तिने पिढ्यान्‌पिढ्या पोटे भरली. ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून ती रस्त्यावरून उतरली. खाजगी म्हणून काही उरल्या आहेत, त्यांतली ही एक.

ही गाडी सकाळी निमूट चालू होई. हमरस्त्याला लागेपर्यंत तक्रार नसे. पण घोडबंदरला गायमुखचा चढ आला की धापा टाकून बंद पडे. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा चाले. दोन ठिकाणी दाखविली. दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले : "इंजिन म्हातारे झाले. बोअर-पिस्टन करा, नाहीतर भंगारात द्या." आम्हीही शहाणपणा करून त्यांना कार्बोरेटर बदलायला लावला. पैसे गेले, दुखणे राहिले. ती चूक आमची, हे येथे कबूल केले पाहिजे.

अखेर एका वृद्ध मिस्त्र्यांकडे गेलो. त्यांनी पाना हाती घेण्यापूर्वी विचारले, "भाऊ, हे कधीपासून? आणि त्याच्या आधी गाडीला नवे काय लावले?" स्नेह्यांना बराच वेळ आठवेना. मग म्हणाले, "काही नाही. टाकीचे झाकण हरवले होते, तेवढे बाजारातून आणले." मिस्त्री हसले. गाडी चढावर नेली, ती नेहमीप्रमाणे बंद पडली. त्यांनी झाकण फिरविले मात्र, टाकीने सूं करून हवा आत ओढली. आणि गाडी तत्काळ चालू झाली!

कारण साधे होते. टाकीतले पेट्रोल जसे कमी होते तशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी त्या गाडीच्या जुन्या झाकणाला बारीक छिद्र होते, नव्याला नव्हते. काही मैल गेल्यावर टाकीत पोकळी होई, पंप ओढून दमे आणि इंजिन उपाशी राही. उभ्या गाडीत फटीफटींतून हवा शिरे, म्हणून ती पुन्हा चाले. योग्य झाकण लावले, आणि चढ सुटला.

आता यातून पद्धत कोणती घ्यावी? इंजिनाला चार गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. पण त्याआधी दोष इंजिनाचाच आहे ना, हे पाहावे. चालवून आल्यावर एखादे चाक तापले असेल तर ब्रेक धरतो आहे. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतो आहे. त्यानंतर स्वस्तातले आधी, महागातले शेवटी. एअर फिल्टर उघडावा. प्लग काढून वाचावेत : बिस्किटी रंग चांगला, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी, तेलकट असेल तर ऑइल वर येते आहे. गाडी मिस मारत असेल तर रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढावी. जी काढल्याने आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. मग डेल्कोतले पॉइंट आणि टायमिंग.

दाब सर्वांत शेवटी, आणि तोही गेजने मोजावा. कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावा. वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर वॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग पाहावे. एवढे केल्यावर 'बोअर करा' म्हणण्याचा अधिकार मिस्त्र्याला येतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही.

बंधूंनो, हे आम्ही आज का सांगतो? काही वर्षांपूर्वी एका गाळ्यात प्रेसवरचे उत्पादन घटले. मालक म्हणाले, "तिघे जण पन्नाशीचे झाले, हात चालत नाहीत." आम्ही घोषणांची तयारी केली होती. मग मिस्त्र्यांचा प्रश्न आठवला : कधीपासून, आणि त्याआधी नवे काय लावले? पाहिले तर उत्पादन दुपारनंतरच घटत होते. त्याच कॉम्प्रेसरवर दोन नवी यंत्रे जोडली होती, ती दुपारी चालत; तेव्हा प्रेसला हवेचा दाब पुरत नसे. गेज मालकांसमोर धरला. त्यांनी ते मान्य केले, हे त्यांच्या पदरात घातले पाहिजे. दोघे कामावर राहिले. तिसऱ्याने आठवड्यापूर्वीच हिशेबावर सही केली होती. तो परत आला नाही.

झीज खोटी नसते. इंजिन झिजते, माणूसही झिजतो. पण 'म्हातारे झाले' हा निष्कर्ष मोजल्यानंतर यावा, मोजण्याऐवजी नव्हे. आम्ही तो प्रश्न आठवडाभर आधी विचारला असता तर तिघेही राहिले असते, ही बोचणी आमच्यापाशी आहे. आपल्या दारची जुनी गाडी अडली, किंवा आपल्या हाताखालचा जुना माणूस मागे पडतो असे वाटले, तर आधी तेवढे दोन प्रश्न विचारावेत, ही विनंती करून आपली रजा घेतो.