एक पान, तीन वाटा

(भंडारा येथे महिलांच्या तंत्रशिबिरात केलेले भाषण)



धानाला पाणी देणाऱ्या पंपावर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असतो, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. तीनपैकी एक फेज गेली की मोटर जळू नये म्हणून तो ती बंद करतो. आज त्याच्या आतल्या सर्किटच्या नकाशाविषयी बोलायचे आहे, आणि तो नकाशा वाचतो कोण याविषयीही. बोर्डावर सोल्डरिंग करायचे काम ‘बायकांची बोटे नाजूक’ म्हणून आपल्याकडे येते. नकाशा मात्र साहेबाच्या टेबलावर राहतो. हे कौतुक मला कधीच पटलेले नाही.

तीन फेज म्हणजे आर, वाय आणि बी. तिन्हींचे व्होल्टेज तपासणारे सर्किट सारखेच. मग ते तीनदा कशाला काढायचे? एका वेगळ्या पानावर एकदा काढायचे आणि मुख्य पानावर त्याच्या तीन चौकटी ठेवायच्या. समजा, त्या पानावर १० रेझिस्टर आहेत. बोर्डावर ३० लागतील. पण फाईल एकच! संगणकाला ‘फायली उघड आणि मोज’ एवढेच सांगितले तर तो १० सांगतो. २० मागवायचेच राहतात, काम अडते, आणि बोल लागतो तो जोडणी करणाऱ्या बाईला.

(आपलीही गणती अशीच होते. एकच बाई घरी राबते, रोवणीला जाते, तेंदूपत्ता तोडते. यादीत मात्र एकदाच, ‘घरकाम’ म्हणून.)

म्हणून प्रोग्रॅमने फायली नव्हे, वाटा मोजायच्या. मुख्य पान उघडायचे, तिथले भाग टिपायचे. चौकट दिसली की तिचे नाव वाटेला जोडून आत शिरायचे आणि तिथे पुन्हा हेच करायचे. आत चौकट उरली नाही की मागे फिरायचे. तोच रेझिस्टर ‘मुख्य–आर’ या वाटेने आर १ असतो, ‘मुख्य–वाय’ने आर ११, ‘मुख्य–बी’ने आर २१. नुसते पान पाहून त्याचा नंबर सांगता येत नाही.

तारांचे तर याहून नाजूक. तारेला पानावर दिलेले साधे नाव त्या वाटेपुरतेच चालते. बाहेर पडायचे तर चौकटीवरच्या पिनेतूनच. ग्राउंड मात्र सगळीकडे एकच. हे न पाहता सारखी नावे जोडत गेलात तर तिन्ही फेज कागदावरच शॉर्ट होतील.

हे शिकायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. झाँ-पिएर शारास यांनी १९९२ साली फ्रान्समध्ये सुरू केलेले किकॅड फुकट मिळते. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने त्याच्याच आधारे ईसिम तयार केले. तेही फुकट आहे. किकॅडची फाईल साधा मजकूर असते, कोणीही उघडून वाचावी.

आता जेवणाच्या सुट्टीनंतर प्रत्येकीने प्रिव्हेंटरच्या नकाशातले भाग आधी हाताने मोजायचे. वाटेसकट. संगणकाची यादी त्यानंतरच पाहायची.