नगरपरिषदेचा पैसा आणि आपण



वसंत व्याख्यानमालेत अंदाजपत्रकासारखा रुक्ष विषय ठेवला, याचे आम्हांस थोडे नवलच वाटले. येथे संतवाङ्मय व्हावे, किल्ल्याचा इतिहास व्हावा. आकडे ऐकावयास कोण येणार? परंतु आपण आलात. आमचे शाळेतील शिक्षण फारसे झाले नाही. आकडे आम्ही शिकलो ते कामगारांच्या पगारपत्रकावर. तेव्हा जे सांगू ते त्याच नजरेने.

1613 साली बोरी नदीच्या बंधाऱ्यात पाणीमहाल उभा राहिला, तेव्हा आदिलशहाने रयतेला विचारले नव्हते. निजामाच्या अमलातही कर देणाऱ्याने हिशेब मागावा अशी रीत नव्हती. 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरकडून याच रस्त्याने फौजा आल्या आणि पाच दिवसांत तो अंमल संपला. आज नगरपरिषद आहे, 1965 चा कायदा आहे, दरसाल अंदाजपत्रक मंजूर होते. पण ते हातात धरून पाहिलेले किती जण या मंडपात आहेत?

गंमत पाहा. शेजारच्या अणदूरच्या माणसाला ग्रामसभा आहे. तेथे उठून तो सरपंचाला खर्च विचारू शकतो. नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्याला ती सोय नाही. 2009 साली राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली, ती बव्हंशी कागदावरच राहिली. पुढे 2021-22 पासून बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले. अंदाजपत्रक मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच! 2025 च्या डिसेंबरात निवडणुका होईपर्यंत हा प्रकार चालला.

नागरिकांना विचारून पाहण्याचा प्रयोग पुण्याच्या महानगरपालिकेने 2006 साली सुरू केला. नागरिकाने अर्ज भरून आपल्या भागातील काम सुचवावयाचे, क्षेत्रीय कार्यालयाने ते तपासावयाचे, प्रभाग समितीने पसंत करावयाचे. प्रयोग चांगला, यात वाद नाही. परंतु एकंदर खर्चाच्या मानाने ही रक्कम अगदी थोडी होती. आणि अर्ज भरतो कोण? ज्याला फुरसत आहे आणि लिहिण्याची सवय आहे तो. मग पदपथ, दिवे, बाके यांची मागणी पुढे येते. बाकांशी आमचे वैर नाही. बसावयास सर्वांनाच लागते. पण पहाटे रस्ता झाडणारी बाई तो अर्ज केव्हा भरणार?

दूर ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे नावाचे शहर आहे. तेथे 1989 साली मजूर पक्षाचे ओलिव्हियो दुत्रा महापौर झाले. हे मूळचे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी, म्हणून आम्हांस अधिक जवळचे. तेथे अर्जांवर न थांबता वस्त्यावस्त्यांत सभा भरवल्या. गरीब वस्त्यांनी आधी काय मागितले? पाणी, गटारे आणि पक्के रस्ते. पुढे तेथेही तो जोर ओसरला, हे खरे. पण विचारण्याची जागा बदलली की उत्तर बदलते, एवढे त्यावरून दिसले.

आता आपल्याकडे. नगरपरिषदेचा सगळाच पैसा मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील 60 टक्के भाग 2021-22 ते 2025-26 या काळात पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. पगार, विजेचे बिल हे टळत नाही. उरते ते थोडे, आणि खरी ओढाताण त्या थोड्यावर. म्हणून नुसती मागण्यांची यादी देऊन भागत नाही. आम्ही मालकापुढे मागणीपत्रक ठेवतो तेव्हा तो पहिला प्रश्न विचारतो, पैसा कोठून आणू? उत्तर तयार नसेल तर वाटाघाटी तेथेच बसतात. नागरिकांनीही म्हणावे, चौकातील कमान यंदा राहू द्या, तो पैसा वस्तीच्या नळाला द्या.

एका गावची गोष्ट सांगतो. तेथे ठेकेदाराकडील सफाई कामगारांची मजुरी तीन महिने थकली होती. आम्ही अंदाजपत्रक मागवून पाहिले. घनकचऱ्याच्या सदराखाली मोठी रक्कम होती, पण त्यातून माणसांच्या हाती किती पडावयाचे, हे एका ओळीतही नव्हते. नागरिकांच्या सूचनाही पाहिल्या. कचरा उचला, असे पुष्कळांनी लिहिले होते. उचलणाऱ्याची मजुरी वेळेवर द्या, असे एकानेही नाही. त्यांना आम्ही दोष देत नाही. जे छापलेलेच नाही ते त्यांना दिसणार कसे? म्हणून आमची नव्या सभासदांकडे पहिली मागणी अशी की ठेक्याच्या प्रत्येक रकमेपुढे माणसे किती आणि मजुरी किती, हे छापा.

पुढचे अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत तयार होईल. पौष पौर्णिमेला मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते, त्या गर्दीत कोणाला वेळ नसतो; म्हणून प्रभागांच्या बैठका त्याआधीच घ्याव्या. खर्चाचा कागद मोठ्याने वाचून दाखवावा, कारण सगळ्यांना वाचता येतेच असे नाही. आणि बैठक रात्री आठनंतर ठेवावी. रोजगाराहून आलेली बाई त्याआधी चूल सोडून येऊ शकत नाही.