कामाचें दुहेरी पीक
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या देवालयाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाविषयीं आतांच विद्वान वक्त्यांनीं पुष्कळ सांगितलें, व तें योग्यच झालें. आम्ही आज एका साध्या विषयाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. या पन्नास वर्षांत आपल्या लोकांनीं पोटासाठीं नाना प्रकारचीं कामें केलीं. तीं कामें सुटल्यावर त्यांच्यामागें काय उरलें, हा तो विषय होय. घरोघर आशीर्वाद देण्यास जातांना आम्ही वृद्धांस त्यांच्या कामाविषयीं आवर्जून विचारतों. अनुभव असा कीं, पगाराचा आंकडा बहुतेकांस आठवत नाहीं. परंतु कोणीं मान दिला व कोणीं अपमान केला, तें चाळीस वर्षांनंतरहि वारासकट आठवतें.

पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८१ सालीं मानवी श्रमाविषयीं जें परिपत्र काढिलें, त्याचें सार हेंच आहे कीं, कामाची प्रतिष्ठा काम कोणत्या प्रकारचें आहे यावर नसून तें करणारा मनुष्य आहे यावर अवलंबून असते. म्हणजे प्रत्येक काम दुहेरी पीक देतें. एक पीक बाजारांत जातें. दुसरें काम करणाराच्या अंगांत व अंतःकरणांत सांठतें. पहिल्याचा हिशेब सर्वच ठेवितात, दुसऱ्याचा ठेवणारे विरळा.

आपल्या वसईकडील वाड्यांचेंच पाहा. राजेळी केळीं सोलून, कित्येक दिवस उन्हांत वाळवून, सुक्या पानांत बांधून सुकेळीं करावयाचीं, तर आकाशाकडे डोळे लावून बसावें लागतें. मळभ आलें कीं धांवावें, ऊन पडलें कीं पुन्हां पसरावें. या कामानें ज्यांचे हात घडले, त्यांच्या ठायीं एक प्रकारचा धीर आम्हांस आढळला. आपल्या माताभगिनी पहाटेच्या गाडीनें भाजीच्या व फुलांच्या पाट्या घेऊन मुंबईच्या बाजारांत जात. शाळेचें तोंड न पाहिलेल्या त्या स्त्रिया तोंडीं हिशेबांत पदवीधरांस हार जात नसत, आणि परमुलुखांतील गिऱ्हाइकाशीं त्याच्या भाषेंत बोलत. त्यांचे गुडघे झिजले हें खरें. पण त्यांच्या मुलींच्या चालण्याबोलण्यांत जो निर्भयपणा आज दिसतो, तो त्या पाट्यांखालूनच आला आहे.

परंतु सर्वच कामांनीं असें गोड फळ दिलें नाहीं. गिरणगांवांतून इकडे राहावयास आलेल्या कुटुंबांस हें सांगावयास नको. साळखात्यांत मागांचा आवाज एवढा कीं, शेजाऱ्याचा शब्द ऐकूं येत नसे. कामगार एकमेकांच्या ओठांवरून बोलणें ओळखीत. पुढें घरीं नातवंडांची हांक ऐकूं येईनाशी झाली. कापूस पिंजण्याच्या खात्यांत तंतूंची धूळ श्वासाबरोबर छातींत जाई. रविवारची सुटी भोगून सोमवारीं कामावर येतांच छाती आवळल्यासारखी व्हावी, हें त्या धुळीच्या रोगाचें ओळखीचें लक्षण होय. आणि तरीहि त्या लोकांस कामाचा अभिमान होता! कापडाचा काठ बोटांत धरून तें कसें विणलें आहे हें सांगणारे म्हातारे अद्यापि आपल्यांत आहेत.

१९८२ सालच्या जानेवारीच्या १८ तारखेस मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. तो रीतसर मागें असा कधींच घेतला गेला नाहीं, आणि असंख्य कामगार पुन्हां कामावर गेले नाहींत. पैशाची ओढाताण कालांतरानें सरली. सरली नाहीं ती लाज. बाप दिवसाढवळ्या घरीं बसलेला मुलांनीं पाहिला, आणि त्या बापानें मुलांच्या नजरेस नजर देण्याचें टाळलें. कांहीं घरांत तें मौन अजून मोडलेलें नाहीं. अशा सर्वांस आम्ही आज या ठिकाणाहून स्पष्ट सांगतों कीं, नोकरी गेली म्हणजे मनुष्य गेला नाहीं. परमेश्वरानें तुम्हांस निर्माण केलें तें कोणाच्या हजेरीपत्रकावर नव्हे.

येथें आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचें चरित्र ध्यानांत आणण्याजोगें आहे. तरुणपणीं जपानांत त्यानें येशूसंघीयांच्या हाताखालीं धर्मशिक्षणाचें काम केलें. पण संघांत प्रवेश मिळण्याची त्याची इच्छा सफळ झाली नाहीं. मग तो व्यापारी झाला. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत तो साधा बंधु म्हणून दाखल झाला, आणि १५९३ सालीं जपानला निघालेल्या धर्मगुरूंबरोबर दुभाषा म्हणून गेला. भंगलेल्या आशेच्या काळांत शिकलेली भाषाच त्याच्या खऱ्या कार्याचें साधन ठरली. १५९७ सालीं नागासाकी येथें तो क्रुसावर हुतात्मा झाला व १८६२ सालीं संतपदास चढला. ज्या कामांत आपणांस अपयश आलें असें वाटतें, त्यानेंहि हातीं कांहींतरी दिलेलें असतें. परमेश्वर तें वाया जाऊं देत नाहीं.

आतां एक कठोर गोष्ट बोलणें आमचें कर्तव्य आहे. काल आपण राबत होतों. आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं व वाडींत इतर लोक राबतात. आदिवासी बंधुभगिनी, मोलकरणी, सकाळीं नाक्यावर उभे राहणारे मजूर, यांच्या मनांत आपण काय सांठवीत आहों? मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशीं ठेवूं नये, अशी जुन्या करारांत आज्ञा आहे. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं योग्य वेतनाचा प्रश्न न्यायाचा म्हणून मांडला, दयेचा म्हणून नव्हे. असें असतां 'शनिवारीं ये' हे शब्द आपल्या ओसरीवर ऐकूं येतात, ही दुःखाची गोष्ट आहे. आपल्या देवालयाच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांचीं नांवें आहेत. पण ज्या गवंड्यांनीं भिंती उभारल्या व ज्या बायांनीं डोक्यावरून चुना-रेती वाहिली, त्यांचें नांव कोठेंहि नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं आम्ही दोन गोष्टी मागतों. पहिली ही कीं, या धर्मग्रामांतील कोणाहि कुटुंबानें मजुराचा दाम सूर्यास्तापुढें लांबवूं नये. दुसरी ही कीं, तरुणांनीं आपापल्या वडीलधाऱ्यांपाशीं बसून त्यांनीं केलेल्या कामांची हकीकत लिहून घ्यावी, देवालय बांधणाऱ्यांचीं नांवें शोधावीं व तीं वही आमच्याकडे आणून द्यावी. वृद्ध मंडळी दर वर्षीं थोडी थोडी आपणांतून जात आहेत. हें काम उद्यांवर टाकण्याजोगें नाहीं.

संत योसेफानें उच्चारलेला एकहि शब्द शुभवर्तमानांत नाहीं. त्याचा धंदा मात्र नोंदला गेला आहे. पोप बारावे पायस यांनीं १९५५ सालीं मे महिन्याची पहिली तारीख कामकरी संत योसेफाचा सण म्हणून ठरवून दिली. त्या मूक सुताराच्या मध्यस्थीनें आपल्या हातांस काम, कामास न्याय व श्रमलेल्या जिवांस विसांवा लाभो, हीच आमची प्रार्थना.