'मुस्लिम देश आहे, मग काळजी कसली?'

(परदेशी नोकरीची तयारी करणाऱ्या तरुणींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



परदेशात इंग्रजी शिकवायला कसं जावं, यावर बोलायला मला सांगितलंय. मी २०१५ ते २०१९ अशी चार वर्षं मालदीवमध्ये शिकवलं. आज इथे बी.एड. झालेल्या वीस-पंचवीस मुली तरी आहेत. त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि त्यांच्या घरच्यांचा पहिला प्रश्न 'देश कुठला?' हा असतो. मालदीव म्हटलं की घरच्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. माझ्याही घरी असंच झालं. मी रत्नागिरी जिल्ह्यातली. आमच्याकडे परदेशी जाणं नवीन नाही. आजोबा बोटीवर होते, दोन्ही चुलते आखातात. नवीन होतं ते एकट्या बाईनं जाणं. अब्बा आठ दिवस गप्प होते. मग मामूंनी त्यांना सांगितलं, "मुस्लिम देश आहे, मग काळजी कसली?" आणि परवानगी मिळाली.

या एका वाक्याबद्दलच मला आज बोलायचं आहे, कारण ते वाक्य तुमच्याही घरी बोललं जाणार आहे.

आधी कामाचं सांगते. मालदीव म्हणजे सुमारे १२०० प्रवाळ बेटं, त्यातल्या दोनशेच्या आत बेटांवर वस्ती. समुद्रसपाटीपासून जमीन जेमतेम दीड-दोन मीटर वर. १९६० च्या सुमारास तिथे सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आलं. आज इस्लाम आणि दिवेही भाषा हे विषय दिवेहीत, बाकीचे इंग्रजीत शिकवतात. एवढे शिक्षक देशात तयार होत नव्हते, म्हणून आधी श्रीलंकेतून आणि मग भारतातून शिक्षक गेले. आपल्यातले बहुतेक केरळ आणि तमिळनाडूचे. माझ्या बेटावर हजारभर लोक होते आणि मराठी बोलणारी मी एकटी.

शिकवण्यातली पहिली अडचण पुस्तकाची. त्या देशात नदी नाही, डोंगर नाही, रेल्वे नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना स्टेशनवरचा धडा वाचून दाखवला तर ती इंग्रजी शब्द पाठ करायची, पण त्यावर चार वाक्यं बोलायची नाहीत. त्याच मुलांना मी सकाळी जेटीला लागणाऱ्या बोटीवर लिहायला सांगितलं. कुणाच्या बोटीतून काय उतरलं, कोणाची कांद्याची गोणी भिजली, कोण नातेवाईक आला, हे सांगताना त्यांना शब्द कमी पडायला लागले आणि मग ती स्वतःहून शब्द विचारायला लागली.

दुसरी गोष्ट मला तिथे गेल्यावर उमगली. दिवेही लिहितात उजवीकडून डावीकडे, पण भाषा आपल्याच कुळातली आहे. तिचं सगळ्यात जवळचं नातं सिंहलीशी. तीनला तिने, पाचला फहे, सातला हते, दहाला दिहये. मासा म्हणजे मस, पाणी म्हणजे फेन, भाषा म्हणजे बस आणि देश म्हणजे राज्जे. आपल्या 'प'च्या जागी त्यांचा 'फ' येतो, हे एकदा कळलं की गंमत वाटते. क्रियापदही आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी. त्यामुळे त्यांची मुलं इंग्रजीत ज्या चुका करतात त्या मला ओळखीच्या होत्या. 'द' हे उपपद आपल्याकडे नाही, त्यांच्याकडेही नाही. ते कुठे लावायचं हे मराठी शाळेत शिकलेल्या मला मुद्दाम शिकावं लागलं होतं, म्हणून मला ते समजावूनही सांगता आलं. तुमच्यापैकी ज्या मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकल्या आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवा. इंग्रजी आपली मायबोली नाही, ही वर्गात कमतरता नसते. तीच भाषा दुसऱ्या भाषेतून चालत येऊन शिकलेल्या माणसाला वाटेतले खड्डे माहीत असतात.

आणि मुलांना सगळ्यात आनंद कशाचा झाला सांगू? 'अटॉल' म्हणजे प्रवाळबेटांचं कडं. हा इंग्रजी शब्द दिवेहीतल्या 'अतोळु'वरून आला आहे. इंग्रजीनं तुमच्याकडून शब्द घेतलाय, असं सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग मिस, त्यांचे शब्द आपण घेतले तर फिटंफाट!"

आता त्या वाक्याकडे येते. मुस्लिम देश आहे. बरोबर. तिथल्या २००८ च्या संविधानानुसार राज्याचा धर्म इस्लाम आहे आणि मुस्लिम नसलेल्या माणसाला नागरिकत्व मिळत नाही. हलालची चिंता नाही, ईदची सुट्टी मागावी लागत नाही, नाव सांगितल्यावर समोरच्याच्या भुवया उंचावत नाहीत. हे सुख मी चार वर्षं घेतलं आणि ते खरं सुख होतं, हे नाकारणार नाही. पुण्यात भाड्यानं खोली शोधताना आडनाव ऐकून 'जागा कालच गेली' हे मी तीनदा ऐकलेलं आहे. तिथे तसं कुणी म्हणालं नाही.

पण मी जिथे राहायचे त्या घरात आम्ही तिघी होतो. एक केरळची हिंदू, एक तमिळ ख्रिश्चन आणि मी. त्या देशात परधर्मीयांना उघडपणे पूजा-प्रार्थना करता येत नाही. पूजेच्या मूर्ती आणायला बंदी आहे. चर्च नाही, देऊळ नाही. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवार कामाचा. माझी केरळची मैत्रीण कपाटाच्या आत, कपड्यांच्या मागे पणती लावायची, ती विझेपर्यंत समोर उभी राहायची आणि मग दार लावून घ्यायची. तिला कुणी त्रास दिला नाही. शेजारच्या बायका तिला मासे आणून द्यायच्या, ताप आला तर रात्रभर बसायच्या. माणसं फार चांगली होती. पण कपाटाचं दार बंदच राहिलं. चांगली माणसं शेजारी असणं आणि आपल्याला हक्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे कळलं. पुण्यातही माझे शेजारी चांगलेच होते.

मला वाटायचं, निदान मी तरी आतली आहे. तर ऐका. मी डोक्यावर रुमाल बांधत नाही. माझ्या ख्रिश्चन मैत्रिणीला त्याबद्दल चार वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. मला पहिल्याच महिन्यात विचारलं गेलं, "तुम्ही मुस्लिम ना?" पुढे पालकसभेत विचारलं, मग स्टाफरूममध्ये. आवाज गोडच असायचा. पण मी कशी मुस्लिम आहे याची तपासणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. धर्म एक असल्यामुळे माझं ओझं हलकं झालं नाही, एका बाजूनं वाढलंच.

ही गोष्ट जुनी आहे. इब्न बतूता १३४३ साली मालदीवला गेला आणि तिथे काझी झाला. तेव्हा गादीवर खदीजा नावाची सुलताना होती. बायका कमरेच्या वर कपडा घेत नाहीत हे त्याला खटकलं. त्यानं हुकूम काढला, पण त्याचं कुणी ऐकलं नाही, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. त्या काळी बाहेरचा मुसलमान तिथल्या बायकांना शिकवायला गेला होता, माझ्या वेळी तिथले मला शिकवत होते. विषय मात्र दोन्ही वेळी एकच, बाईचं अंग.

आणि तिथल्या स्वतःच्या नागरिकांचं काय? अहमद रिल्वान हा पत्रकार ऑगस्ट २०१४ मध्ये बेपत्ता झाला. त्याच्यासाठी आवाज उठवणारा त्याचा मित्र, ब्लॉगर यामीन रशीद याचा एप्रिल २०१७ मध्ये माले शहरात राहत्या इमारतीच्या जिन्यात खून झाला. तेव्हा मी तिथे होते. आमच्या शाळेत त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दोघंही त्याच देशाचे नागरिक होते, म्हणजे कायद्यानं मुसलमानच. शंभर टक्के मुस्लिम देशात मुसलमानाला प्रश्न विचारणं सुरक्षित नव्हतं.

आणखी एक. तिथे परदेशी कामगारांत सगळ्यात जास्त बांगलादेशी आहेत. गटारं, बांधकाम, हमाली त्यांच्याकडे. ते मशिदीत एकाच रांगेत उभे राहतात. रांग मोडली की पगार, खोली आणि वागणूक पासपोर्ट बघून ठरते.

म्हणून मैत्रिणींनो, जा, जरूर जा. मी गेले नसते तर आज इथे बोलायला उभी राहिले नसते. पण देश निवडताना त्याचा धर्म बघू नका, कागद बघा. एजंटाकडे भारत सरकारचा परवाना आहे का, हे 'ई-मायग्रेट'वर तपासा. कायद्यानं त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. करारात शाळेचं आणि बेटाचं नाव लिहिलेलं हवं. माझ्या एजंटानं राजधानी सांगितली होती आणि मी उतरले ती बोटीनं पाच तासांवर. पगार कुठल्या चलनात, घरी किती पाठवता येईल, राहण्याची खोली कुणाची, आजारपणाचा खर्च कोणाचा, परतीचं तिकीट कोण देणार, हे सही करण्याआधी विचारा. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात देऊ नका, तो भारत सरकारच्या मालकीचा आहे.

आणि घरचे म्हणाले, मुस्लिम देश आहे, मग काळजी कसली, तर त्यांना एक प्रश्न विचारा. 'तिथे जो आपल्यासारखा नाही त्याला काय मिळतं?' आपण बहुसंख्य आहोत म्हणून जे मिळतं ती मेहेरबानी असते, ती कधीही काढून घेता येते. हा प्रश्न मालदीवला विचारायचा, आखाताला विचारायचा आणि परत आल्यावर पुण्यातल्या घरमालकालाही विचारायचा. तिन्ही ठिकाणी तो विचारण्याची तयारी असेल, तरच आपल्याला तो एका ठिकाणी विचारण्याचा अधिकार आहे.

तुमचे प्रश्न असतील तर मी इथेच बसले आहे.