ट्रिगर एकदा, गोळ्या तीन : इलेक्ट्रॉनिक पेंटबॉल मार्करच्या आत काय चालतं

मागच्या भागात बोलता बोलता मी पेंटबॉलचा उल्लेख केला होता, तर तिघाचौघांनी लिहिलं की यावर एक पूर्ण भाग होऊन जाऊ द्या. तर हा तो भाग. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे खाली शब्दांकन आहे. मी बोलतो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे', 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

आधी एक गोष्ट. पेंटबॉलच्या बंदुकीला खेळणारे 'गन' म्हणत नाहीत, 'मार्कर' म्हणतात. मला वाटायचं हा सभ्यपणाचा आव असेल. पण नाही, ती मुळात खरंच खूण करायचीच वस्तू. नेल्सन नावाची रंग बनवणारी अमेरिकन कंपनी होती, तिचं नेल्स्पॉट ००७ हे हत्यार जंगलात तोडायच्या झाडांवर आणि कुरणातल्या गुरांवर लांबून रंगाचा ठिपका मारण्यासाठी वापरलं जायचं. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जणांनी ती घेऊन एकमेकांविरुद्ध पहिला खेळ खेळला. गंमत अशी की जिंकला तो जंगलाचं काम करणारा एक माणूस, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. गुपचूप जाऊन झेंडे गोळा केले आणि बाहेर आला! हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं नेमकं उलट्या दिशेला गेलं.

नेल्स्पॉटमध्ये प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागे. मग ट्रिगर दाबला की एक गोळी, अशी अर्धस्वयंचलित यांत्रिक मॉडेल्स आली. आपल्याकडे रिसॉर्टवर भाड्याने मिळतात ती बहुतेक याच जातीची : आत स्प्रिंगवरचा एक हातोडा, तो व्हॉल्व्हवर आपटतो, हवा सुटते, गोळी जाते, उरलेली हवा हातोड्याला परत मागे ढकलते. दणकट काम. चिखलात पडलं तरी चालतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्मार्ट पार्ट्सचा शॉकर आणि इंग्लंडच्या डब्ल्यूडीपीचा एंजल आला, आणि ट्रिगरचा हातोड्याशी असलेला संबंधच तुटला.

हे 'संबंध तुटला' नीट समजून घेऊ, कारण आजचा सगळा विषय तिथेच आहे. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये तुमचं बोट काहीही हलवत नाही. ते फक्त एक बटण दाबतं. उंदराच्या क्लिकमध्ये असतो तसला छोटा मायक्रोस्विच. तो ग्रिपमधल्या सर्किट बोर्डला सांगतो, 'दाबलं.' बोर्ड आधी बघतो की समोर गोळी आलीय का. आली असेल तर सोलेनॉइडला काही मिलिसेकंद वीज देतो. किती मिलिसेकंद, त्याला 'ड्वेल' म्हणतात. साधारण दहाच्या आसपास धरा. तेवढ्या वेळात सोलेनॉइड थोडी हवा सोडतो आणि ती हवा मोठा भाग हलवते. नऊ व्होल्टची बॅटरी गोळी फेकत नाही बरं का, ती फक्त दार उघडते. जोर सगळा हवेचा.

आणि हवा म्हणजे केवढी? टाकीत ३००० किंवा ४५०० पीएसआय. टाकीचा रेग्युलेटर ती शेकड्यांवर आणतो, मार्करचा स्वतःचा रेग्युलेटर आणखी खाली, बऱ्याच मॉडेल्समध्ये दोनशेच्या आत. पूर्वी कार्बन डायऑक्साइड वापरायचे, पण द्रव रूपात तो आत शिरला की थंडीने सील आणि सोलेनॉइडची वाट लागते. म्हणून इलेक्ट्रॉनिकवाले दाबलेली हवाच वापरतात.

आतल्या रचनेचे ढोबळ दोन पंथ आहेत. पॉपेट म्हणजे एक दट्ट्या जाऊन व्हॉल्व्हच्या देठावर धडकतो आणि हवा सुटते. हवा कमी लागते, धक्का जास्त बसतो. स्पूल म्हणजे बोल्ट स्वतःच व्हॉल्व्ह : तो पुढे सरकला की मागच्या कोठीत साठवलेली हवा त्याच्या पोटातून गोळीवर येते. आवाज मऊ, धक्का कमी, पण हवा जास्त खातो, आणि ओ-रिंगांना ग्रीस लावायचा आळस केलात तर थोड्या विश्रांतीनंतरची पहिली गोळी मंद जाते, कारण रिंग चिकटून बसलेली असते. कुठला चांगला यावर मैदानावर भांडणं होतात. मला स्पूल आवडतो, पण माझं ग्रीस नेहमी संपलेलं असतं.

सगळ्यात हुशार भाग मात्र 'डोळे'. गोळी जिथे येऊन बसते तिथे एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या बाजूला सेन्सर. गोळी आली की किरण अडतो. जिलेटिनचं कवच ते, अर्धवट आलेल्या गोळीवर बोल्ट आला की ती चिरडून आत रंगाचं पिठलं होतं. डोळे आल्यापासून हे खूप कमी झालं. एक सावधगिरी : डोळे चालू असताना गोळी नसेल तर मार्कर गप्प बसतो. नवखा माणूस म्हणतो, 'बंद आहे वाटतं.' बंद नसतो, वाट बघत असतो. वरून एक गोळी घरंगळली की तयार. म्हणून नळीवरचं कापडी कव्हर मैदानाबाहेर कधीही काढायचं नाही.

आता माझी गोष्ट. मी न्यू जर्सीत राहतो, आमच्या मंडळातले सहासात जण दोन महिन्यांतून एकदा खेळायला जातो. एका वर्षी मी सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक मार्कर घेतला. ट्रिगर इतका हलका की नुसती फुंकर मारावी. मी खूश. दुसऱ्याच खेळात मित्राचा सोळा वर्षांचा मुलगा अडोशामागून बाहेर आला, मी साताठ मीटरवर. एकदा ट्रिगर दाबला. एकदाच. पहिली गोळी खांद्यावर, दुसरी मास्कच्या कडेवर, तिसरी कानाखाली मानेवर. पोरगं खाली बसलं. मी धावत गेलो, तर मास्कच्या आतून म्हणालं, "काका, एक पुरली असती."

पंच आला. त्याला वाटलं मी रॅम्पिंग लावलंय. रॅम्पिंग म्हणजे तुम्ही ठरावीक वेगाने दाबत राहिलात की पुढच्या गोळ्या बोर्ड आपल्या मनाने वाढवतो. काही स्पर्धांत याला परवानगी आहे, पण कमाल वेग बांधलेला असतो, सेकंदाला १०.२ गोळ्या वगैरे. आमच्या मैदानावर साफ बंदी. मी म्हटलं, सेमीवर आहे हो! त्याने मार्कर घट्ट धरून दाबला, एक गोळी. मग सैल धरला, अगदी हळू दाबला. तुर्रर्र. पाच. मला दिवसभर बाहेर बसवलं. तेव्हा राग आला, पण त्याचं बरोबर होतं.

रात्री जेवणाच्या टेबलावर उघडून बसलो. मी पोटासाठी सर्किट बोर्डांचंच काम करतो, त्यामुळे लाज जास्त वाटली. कुठलाही स्विच दाबला की त्याचे संपर्क क्षणभर थरथरतात. एकदा दाबलेलं बोर्डला चारदा दाबल्यासारखं दिसतं. म्हणून सॉफ्टवेअर काही मिलिसेकंद थांबून खात्री करतं, त्याला डिबाउन्स म्हणतात. आधीच्या मालकाने ते अगदी तळाला नेऊन ठेवलं होतं. त्यातून दुसरा प्रकार आणखी चोरटा : गोळी सुटताच मार्कर मागे उसळतो, बोट जागच्या जागी, आणि ट्रिगर स्वतःच येऊन बोटावर आपटतो. ट्रिगरला परत ढकलणारं चुंबक त्याने जवळजवळ बाहेर काढलेलं, त्यामुळे हा धक्काही पुरत होता. बोर्डाच्या दृष्टीने मी खरंच पाच वेळा दाबलं होतं.

डिबाउन्स वर नेला, चुंबकाचा स्क्रू आत घेतला, स्विच जिथे लागतो तो बिंदू थोडा मागे सरकवला. गोळ्यांशिवाय, डोळे बंद करून, नुसत्या हवेवर मुद्दाम सैल धरून शंभरेक वेळा दाबून पाहिलं. बायको वरून ओरडली, "ते टकटक थांबवतोस का आता?" थांबवलं, पण दुहेरी आवाज एकदाही आला नव्हता.

एवढं का मनाला लावून घेतलं, तर आकडा ऐका. मैदानावर क्रोनोग्राफने वेग तपासतात, मर्यादा बहुधा सेकंदाला २८० ते ३०० फूट. २८० म्हणजे ताशी सुमारे ३०७ किलोमीटर. शोएब अख्तरचा तो प्रसिद्ध चेंडू १६१.३ चा होता. पेंटबॉल जेमतेम तीन ग्रॅमचा, त्यामुळे अंगावर फक्त काळानिळा वळ उठतो. पण व्यास १७ मिलिमीटर. क्रिकेटचा चेंडू डोळ्याभोवतीच्या हाडांवर बराचसा अडतो, हा सरळ खोबणीत शिरतो. त्या दिवशीची दुसरी गोळी मास्कच्या कडेवर होती. त्या पोराने घामामुळे मास्क वर केला असता तर?

आणि क्रोनोग्राफ सकाळी एकदा केला म्हणजे झालं, असंही नाही. रेग्युलेटरचं सील झिजलं की दाब हळूहळू चढत राहतो. मिनिटभर थांबून मारलेली पहिली गोळी मर्यादेबाहेर जाते, पुढच्या बरोबर. म्हणून वेग मोजताना थोडं थांबून मगच पहिली गोळी मारून बघा.

पुढच्या वेळी मैदानावर गेलो तेव्हा मी स्वतःच आधी पंचाकडे मार्कर दिला. त्याने सैल धरला, हळू दाबला. एक. परत दाबला. एक. त्या पोराने माझ्याविरुद्धची टीम निवडली आणि तिसऱ्याच मिनिटाला मला पाठीत मारलं. एकच गोळी. मोजली मी.